कचरूभाऊ इंटरनेटवर हळद शोधतात

भोकरदनला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझे टायपिंगचे क्लास होते. दोन हजार आठ साली त्यातच दोन कॉम्प्युटर ठेवले, इंटरनेट घेतलं आणि हौसेनं डोक्याला ताप करून घेतला. कारण शेजारच्या गाळ्यात कचरूभाऊंचा फोटो स्टुडिओ होता.

माणूस लाखात एक. पण एखादी शंका डोक्यात शिरली की ती बाहेर निघेपर्यंत स्वतः झोपायचे न्हाईत आणि दुसऱ्यालाही सुखानं भाकर खाऊ द्यायचे न्हाईत. अर्धं आयुष्य त्यांनी रोलवर फोटो काढले. लग्न उरकलं की रोलचं पुडकं एसटीच्या कंडक्टरजवळ द्यायचं, ते जालन्याच्या लॅबला जायचं आणि फोटो छापून परत यायचे. रंग कमी-जास्त झाला तर लॅबवाला गुपचूप बराबर करायचा. भाऊंना ते कधी कळलंच न्हाई. त्यांना वाटायचं, आपला हातच तसा हाय.

मंग लग्नघरचे लोक डिजिटल मागायला लागले. भाऊंनी एक जुना डिजिटल कॅमेरा आणला आणि पहिल्याच हळदीला त्यांची फजिती झाली. वर मांडवाचं पिवळं कापड, त्यातून गाळून येणारं ऊन, खाली पिवळ्या साड्या आणि तोंडाला हळद. फोटोत नाक कुठलं आणि गाल कुठला ते कळेना. नवरीचा काका म्हणाला, "कचरूभाऊ, आमच्या पोरीला कावीळ झाली का काय?" ते ऐकून भाऊ जे गप्प झाले ते आठवडाभर गप्पच होते, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

अशात पुष्पाबाई आल्या. शाळेत खिचडी शिजवायच्या. त्यांचे मालक, रामराव, जाऊन बरीच वर्षं झाल्ती. एकुलती पोरगी बेबीनंदा, तिचं लग्न बदनापूरला जमलं होतं. मी तेव्हा स्टुडिओतच चहा घेत बसले होते.

"भाऊ, हळदीचे फोटो तेवढे चांगले काढा," त्या म्हणाल्या. "मी काही जवळ जाणार न्हाई. पाच सवाशिणी लावतील. मी आपली फोटोतच बघीन."

माझं टाळकं सरकलं. "पोटच्या पोरीला हळद लावायची न्हाई, हे सांगतंय कोण तुम्हाला?"

"कुणी सांगायला कशाला पाहिजे, ताई?" त्या शांतपणे म्हणाल्या. "उद्या पोरीला सासरी साधं दुखलं-खुपलं तरी माझ्या हाताचं नाव निघंल. त्यापरीस फोटो बरा."

त्या गेल्या आणि भाऊंनी चहा तसाच ठेवला. "मला ह्या ऑर्डरचं भ्या वाटून राह्यलंय," ते म्हणाले. "बाईला हळद दिसणार ती आपल्याच फोटोत. तिथं पुन्हा कावीळ झाली तर?"

दुसऱ्या दिवशी मी कुलूप काढायच्या आधीच भाऊ दारात उभे. "ताई, इंटरनेटवर सगळं असतंय म्हणे. हळदीचा फोटो कसा काढायचा ते बघा जल्दी."

मी इंग्रजीत टाइप केलं, पिवळा फोटो. पिवळी फुलं आली, पिवळ्या मोटारी आल्या, एक पिवळं बदक आलं. मंग लग्नाचे फोटो असं टाकलं, तर पांढऱ्या झग्यातल्या गोऱ्या नवऱ्या गवतात बसलेल्या. भाऊ लई वेळ बघत राह्यले. "ह्यांचं बरंय," म्हणाले, "पांढरं घालायचं आन् हिरव्यात बसायचं. ह्यांच्या फोटोवाल्याला डोकं लागतच न्हाई."

त्यानंतर रोज तेच. कॅमेऱ्याचं नाव टाकलं की कॅमेरा विकणारे यायचे. शिकवणारा भेटला तर एक म्हणायचा भिंगाचं छिद्र पूर्ण उघडा, दुसरा म्हणायचा बारीक करा. एकाच्या वेबसाईटची पाच पानं वाचली, तर शेवटी कळलं की तो पक्ष्यांचे फोटो काढतो. व्हिडिओ लावला की मधोमध चक्र गरगर फिरत बसायचं. आम्ही चहा मागवायचो, पिऊन व्हायचा, तरी गोऱ्याचं तोंड उघडं ते उघडंच. एकदा एक पूर्ण चालला. टोपीवाला माणूस बर्फात उभा राहून बोलत होता.

"काय म्हणतोय?" भाऊंनी विचारलं.

"म्हणतोय, बर्फात बॅटरी लवकर उतरती."

भाऊंनी मान हलवली. "आपल्याकडं बर्फ रसवंतीवर, ते पण उन्हाळ्यात."

अन् तरी घरी जाऊन बॅटरी फडक्यात गुंडाळून ठेवली. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणे, "एवढा बोलला तो, काहीतरी असंल." मी वैतागून म्हणाले, "भाऊ, दोन्ही घरचा पाहुणा उपाशी असतो, तुम्ही तर सतरा घरी जेवायला बसलात." त्यांना ते पटलं. मंग विचारलं, "त्यातलं चांगलं घर कोणतं, ते कसं ओळखायचं?" ते मलाही बिलकुल कळत नव्हतं.

शेवटी एक वेबसाईट सापडली. शेजारी शेजारी दोन फोटो. एकात खोली पिवळीधम्मक, दुसऱ्यात तीच खोली स्वच्छ. भाऊ खुर्चीतून उठलेच. मी वाचून सांगितलं, फोटो काढायचा त्याच जागी, त्याच उजेडात एक पांढरी वस्तू कॅमेऱ्याला दाखवायची. हे पांढरं, असं त्याला एकदा कळलं की बाकीचे रंग तो नीट लावतो. दुसऱ्या एका व्हिडिओत होतं, कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या बारक्या पडद्यावर विश्वास ठेवू नका, फोटो कॉम्प्युटरवर बघा. भाऊंनी दोन्ही गोष्टी पाठ केल्या. रस्त्यानं पुटपुटत जायचे.

हळदीच्या दिवशी मला आवतण होतंच. अंगणात मांडव, वर पिवळं कापड, पाटावर बेबीनंदा. पुष्पाबाई स्वयंपाकघरात कणिक मळत होत्या, मळलेली पुन्हा मळत होत्या. भाऊंनी पिशवीतून कोरा कागद काढला आणि परत आत ठेवला.

"काय झालं?" मी विचारलं.

"वस्तू त्याच जागची पाहिजे म्हणलं होतं ना. हा कागद स्टुडिओतला हाय."

"अहो, उजेड त्या जागचा पाहिजे. कागद कुठला का असंना."

"न्हाई ताई, त्याच जागी असं तुम्हीच वाचलं." आता ह्या माणसाशी मांडवात कोण भांडणार? त्यांनी इकडंतिकडं बघितलं. नवरीचे मामा सर्जेराव खांद्यावर मानाचा कोरा पांढरा टॉवेल टाकून मिरवत होते. भाऊंनी तो मागितला, पाटासमोर धरला, कॅमेऱ्याला दाखवला. मलाही तो पांढराच दिसला. त्या मांडवाखाली सगळ्यांचेच डोळे पिवळ्याला सरावले होते. सकाळपासून हळद कालवणाऱ्या बायका येता-जाता त्याच टॉवेलाला हात पुसत होत्या, मामा चेष्टेत पुसू देत होते, हे आम्हाला नंतर कळलं.

भाऊ धडाधड फोटो काढत सुटले. मी म्हणाले, "पडद्यावर बघा तरी."

"बघितलं. भुरकट दिसून राह्यलेत. पण पडद्यावर विश्वास ठेवायचा न्हाई."

पोरगी सासरी गेली. भाऊ माझ्याकडं आले, फोटो कॉम्प्युटरवर उघडले आणि आम्ही दोघं बघतच राह्यलो. हळद न्हाईच. कॅमेऱ्यानं टॉवेलावरच्या हळदीलाच पांढरं धरलं होतं. बेबीनंदाच्या तोंडाला पीठ फासल्यासारखं, साड्या निळसर, हात राखाडी. भाऊ एक-एक फोटो पुढं सरकवत गेले.

"ताई, हळद कुठं गेली?" ते म्हणाले. "त्या बाईनं दुसरं काहीच मागितलं नव्हतं. आता काय पोरीला सासरहून बोलावून पुन्हा हळद लावायची?"

रागाचं बोलणं माझ्या तोंडावर आल्तं, पण त्यांच्याकडं बघून गिळलं. पुन्हा शोधायला बसलो. बिघडलेला रंग दुरुस्त करायचे व्हिडिओ एकावर एक लावले. बहुतेकांचं बोलणंच माझ्या डोक्यावरून गेलं. शेवटी एक असा भेटला की त्यात कुणी बोलतच नव्हतं. नुसता बाण फिरत होता, इथं दाबलं, तिथं सरकवलं. भाऊ म्हणाले, "हा शहाणा." आम्ही तो थांबवून थांबवून बघितला आणि तसंच करत गेलो. संध्याकाळपर्यंत बेबीनंदाच्या गालावर हळद परत आली. अगदी होती तशी न्हाई, पण हळदच. भाऊ एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसले.

पुष्पाबाई पदराला हात पुसत आल्या. मी त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. पहिला फोटो बघून त्या म्हणाल्या, "किती चढलीय हो माझ्या पोरीला." प्रत्येक फोटोला थांबायच्या. कोणी कुठं लावली, कोण जास्त हसलं, सगळं बघत होत्या. भाऊंचा जीव भांड्यात पडला.

मंग तो फोटो आला. पाटावर बेबीनंदा, भोवती पाच जणी, सगळ्यांचे हात कोपरापर्यंत पिवळे. मागं स्वयंपाकघराच्या दारात, पदर कपाळापर्यंत ओढून, पुष्पाबाई. डोकावायला आल्या असतील. रंगाच्या नादात आमच्या दोघांच्याही ते ध्यानात आलं नव्हतं. एवढ्या पिवळ्यात त्या एकट्याच कोरड्या.

त्यांचं बोट पडद्यावर तिथंच थांबलं. मला काय करावं कळेना, मी घाईनं पुढचा लावला, तर तो त्याचाच मूळचा बिघडलेला फोटो निघाला.

"तो सोडा, पुष्पाबाई," भाऊ गडबडून म्हणाले. "तो वाया गेलाय. माझ्याच हातनं घोटाळा झाला."

"थांबा." त्यांनी माझा हात धरला. तोंड जवळ नेऊन त्या बघत राह्यल्या. "ह्याच्यात कुणालाच हळद न्हाई का?"

"न्हाई हो. सगळ्यांची गेली."

"मंग ह्याच्यात मी त्यांच्यातलीच दिसून राह्यले," त्या म्हणाल्या. "भाऊ, हा मोठा करून द्या."

मला रडू आलं आणि संतापही आला, आणि कुणावर संतापायचं तेच कळेना. भाऊ माझ्याकडं बघायला लागले, मी सांगीन म्हणून. मंग त्यांनीच हळू विचारलं, "मोठा म्हणजे केवढा?"

पुष्पाबाईंनी दोन्ही हात पसरून दाखवले.