रीनाचं पहिलं कम्युनियन

रीनाच्या बरोबरीच्या मुली पांढरे फ्रॉक घालून पहिलं कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तप्रसाद, घ्यायला वेदीपाशी जाऊन आल्या, त्यालाही बरीच वर्षं झाली होती. माझी लेक स्वमग्न आहे हे आम्हाला उशिरा कळलं. बोलणं जेमतेम, आणि प्रत्येक कामाला माझा हात लागे. ब्रशवर पेस्ट मी लावायची, चपला मी घालायच्या, घासही मीच भरवायचा. त्या उन्हाळ्यातही फादर मायेनेच म्हणाले, अजून थोडं थांबू या. घरी येऊन रोझारीची जपमाळ घेऊन बसले, पण मन कडू झालं होतं. प्रभूने सगळ्या लेकरांना जवळ बोलावलं, मग माझंच का मागे राहिलं?

त्याच उन्हाळ्यात एका रविवारी रीना चर्चमध्ये मिस्साची उपासना चालू असताना उठून बाहेर धावली. मी तिला धरून पायऱ्यांवर रडत बसले, तेव्हा एक अनोळखी बाई शेजारी येऊन बसल्या. त्या मुंबईत अशाच मुलांना शिकवत होत्या. सुट्टीसाठी जवळच्या कळंबला उतरल्या होत्या आणि त्या दिवशी आमच्या पापडीत पाहुण्या म्हणून आल्या होत्या. सुट्टीभर त्या टीचर आमच्या घरी येत राहिल्या.

टीचरनी टेबलावर डावीकडे कामाची टोपली ठेवली, उजवीकडे झालेल्या कामाची. मोज्यांच्या जोड्या लावायच्या, उजवीकडे टाकायच्या, टोपली रिकामी झाली की काम संपलं. एका जागी न टिकणारी रीना तिथे बसली. मग मोरीच्या भिंतीवर चित्रांची पट्टी आली: ब्रश, पेस्ट, चूळ, टॉवेल. एकेक काम झालं की ते चित्र काढून पिशवीत टाकायचं. शेवटी टीचरनी कम्युनियनची पट्टी केली. त्यात रांग, जोडलेले हात, उघडलेलं तोंड आणि परत आपलं बाक. फादरनी सरावाला अर्पण न झालेल्या साध्या ओस्त्या, म्हणजे ख्रिस्तप्रसादाच्या पातळ चकत्या, दिल्या. दुपारच्या रिकाम्या चर्चमध्ये आम्ही सराव करायचो.

टीचर मला एकच सांगायच्या, "मागे उभ्या राहा. हात लावू नका, बोलू नका. पुढचं तिला चित्रं सांगतील."

मला तेच अवघड जाई. टीचर मुंबईला परतल्या, तरी माझा हात आपोआप पुढे होई.

फादरनी होकार देऊन ठरवलेला रविवार उजाडला. रीना चित्रांची पट्टी आणि पिशवी घेऊन एकटी रांगेत गेली, मी बाकावर राहिले. तिने ख्रिस्तप्रसाद घेतला, आणि परत फिरायचं शेवटचं चित्र तिच्या हातून निसटून खाली पडलं. ती तिथेच थिजली. मागे माणसं खोळंबली. मी उठले, आणि तशीच उभी राहिले. मनात म्हटलं, प्रभू, आता तूच बघ.

रांगेतले एक म्हातारे गृहस्थ वाकले. त्यांनी चित्र उचलून तिच्या डोळ्यांसमोर धरलं. तिला हात लावला नाही, एक शब्द बोलले नाहीत. रीनाने चित्र घेतलं, चालत माझ्याकडे आली आणि ते पिशवीत टाकलं.

मिस्सा झाल्यावर मी त्यांना शोधलं, पण ते दिसले नाहीत. ते कुणाच्या ओळखीचे नव्हते. गप्प राहायचं त्यांना कसं सुचलं, याचा उलगडा मी करत बसले नाही. मी गुडघे टेकून प्रभूचे आभार मानले. इतकी वर्षं रीनाला प्रभूच्या हाती सोपवते असं मी रोज म्हणत होते, पण तिच्यावरचा माझा हात खरोखर काढला तो त्या दिवशी. मी काढला, आणि ती पडली नाही.