रंगनाथचं चाक

रंगनाथ गेल्याचं मला व्हॉट्सअ‍ॅपवर कळलं. जालन्याच्या भाजी मंडईत उभा होतो, एका हातात पिशवी, दुसऱ्यात मोबाइल. फोटोभोवती फुलांची चौकट अन् खाली लिहिलेलं, 'बदनापूरचे थोर संशोधक रंगनाथभाऊ यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' पाठवणारा तोच, ज्यानं वर्षभरापूर्वी त्याला चारचौघांत लबाड म्हटलं होतं. तिथंच माझं डोकं फिरलं. महिना होत आला, अजून ते जाग्यावर आलेलं नाही.

संशोधक वगैरे तो काही नव्हता. बदनापुरात स्टेशनच्या रस्त्याला त्याचं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरून द्यायचं दुकान. विहिरीवरची बंद पडलेली मोटार कुणी आणली की आधी तिचा वास घ्यायचा, मग सांगायचा, "कॉइल चांगली हाय, नुसती बेअरिंग गेली. उगं खर्चा करू नका." या बोलण्यावर विश्वास ठेवून लोक केदारखेड्याहून त्याच्याकडे यायचे. मी बदनापूरच्याच शाळेत विज्ञान शिकवायचो. एकदा घरचा पंखा घेऊन गेल्तो तर त्यानं विचारलं, "सर, नुसत्या वजनाच्या जोरावर चाक फिरत राहील का हो? एकदा ढकललं की बस?" मी म्हणालो, नाही. एका बाजूचं वजन जितकं खाली ओढतं, तितकंच दुसऱ्या बाजूला वर चढवावं लागतं, फुकटात काही फिरत नसतं. तो म्हणाला, "बराबर. पण करून तर पाहू." आणि पोरांना ऊर्जेचा नियम घोकायला लावणारा मी दर रविवारी त्याच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन बसायला लागलो.

सायकलची रिम, तिच्या कडेला बिजागऱ्यांवर बसवलेल्या पत्र्याच्या बारा पट्ट्या, प्रत्येकीच्या टोकाला एक नट. उतरत्या बाजूला पट्ट्या बाहेर पडायच्या, चढत्या बाजूला मिटायच्या. सहा वर्षं ते चाक चार-पाच फेऱ्या मारून थांबत राहिलं. तो नट बदलायचा, मी वहीत आकृत्या काढायचो, वहिनी चहा घेऊन यायच्या अन् म्हणायच्या, "जमलं का न्हाई? मंग आधी चहा प्या." खरं सांगतो, त्या शेडइतकं सुख मला कुठंच लाभलं नाही.

मागच्या एप्रिलात एका रविवारी चाक थांबलंच नाही. एक तास झाला, दोन झाले... रंगनाथ स्टुलावर बसून नुसता पाहत राहिला, डोळे भरून आल्ते त्याचे. मीही येडा झालो. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये छाती ठोकून सांगितलं, आपोआप फिरणारं चाक माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. गुरुवारी शाळा सुटल्यावर शेडमध्ये गेलो तेव्हा रंगनाथ दुकानात होता. वहिनींनी पाणी भरायला कूलर बंद केला. उन्हाळा म्हणून तो त्या रविवारच्या आदल्याच दिवशी शेडच्या खिडकीत बसवलेला. चाक मंदावलं, थांबलं. पाणी भरून कूलर पुन्हा लावला तसं ते हललं, मग फिरायला लागलं. वहिनींचं तिकडं लक्षही नव्हतं. पत्र्याच्या पट्ट्यांवर सरळ वारा येत होता, बस, एवढंच. तेवढ्यात रंगनाथ हसत आला. "सर, रविवारी समद्यांना बोलावलंय पाहायला. तुमी पुढं बसा." मी काही बोललो नाही. त्याचं मन मोडवेना, असं मी वर्षभर स्वतःला सांगत आलो. थापा सगळ्या. स्टाफरूममध्ये माझं हसं होईल म्हणून मी गप्प बसलो.

रविवारी शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. चाक फिरत होतं, लोक मोबाइलवर व्हिडिओ काढत होते, आणि मध्येच लाइट गेली. चाक हळूहळू थांबलं. कुणीतरी म्हणालं, "लाइटसंगं चाक बी गेलं. मोटार बांधणारा माणूस, लपवली असंल एखादी." सगळे हसले. तो श्रद्धांजलीवाला तर तोंडावर लबाड म्हणाला. रंगनाथनं चाक स्टँडवरून काढलं, उलटंपालटं करून एकेकाला दाखवलं, "वायर कुठंय दाखवा मला." कुणी पाहायला तयार नाही. मग तो माझ्याकडे वळला. "सर, तुमी सांगा ना यांना." हा कूलरचा वारा आहे, यात लबाडी नाही, आमची चूक झाली, एवढं बोललो असतो तर भागलं असतं. मी म्हणालो, "बघावं लागेल."

मग मी रिटायर होऊन जालन्याला राहायला आलो अन् रविवार बंद केले. बदनापूर काही लांब नाही, रेल्वेनं अर्धा तास. वर्षभरात एकदाही गेलो नाही. त्याच्याकडे मोटारी टाकणारे आता विचारायचे, तार तरी नवी भरली ना. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात कुणाला एक खोटी कॉइल दाखवली नाही, त्याला. हे मला दुसऱ्यांकडून कळत होतं, तरी मी गेलो नाही. आणि एक दिवस दुकानातच, मोटार उघडता उघडता, त्याच्या छातीत कळ आली...

शोकसभेत तोच श्रद्धांजलीवाला माइक धरून रडवेला झाला. मी उठलो अन् शेडमध्ये जाऊन बसलो. वहिनी आल्या. मी त्यांना सगळं सांगून टाकलं, की मोटार नव्हती, वारा होता, अन् मला ते आधीच ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, "लाइट गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांना कळल्तं. कूलर लावला, बंद केला, पुन्हा लावला... समदं कळलं."

"मग लोकांना का नाही सांगितलं त्यानं?"

"म्या म्हणलं की सांगा. तर म्हणले, सरांनी शाळेत सांगून ठेवलंय. आपुन सांगितलं तर पोरं सरांना हसतील. सर स्वतः येऊन सांगतील. दर रविवारी शेड झाडून ठेवायचे, सर येतील म्हणून."

शेड त्या दिवशीही झाडलेली होती. आता ते काम वहिनी करतात. ज्यांनी तेव्हा मोबाइल धरले होते त्यांनी हे वाचावं, आणि माझ्या वर्गात बसून गेलेल्या पोरांनीही. चाकात मोटार नव्हती. त्या शेडमध्ये एकच माणूस लबाड होता, आणि तो पुढच्या खुर्चीवर बसला होता.