सात फुटांवरची लाल चिंधी

गिरणीत मी सकाळी झाडू मारते, संध्याकाळी मारते. तरी दुसऱ्या दिवशी तुळईवर, पट्ट्यावर, देवाच्या फोटोवर पीठ बसलेलं असतंच! किश्शांचंही तसंच असतं बघा. आम्ही चौघं जमलो की मुद्दाम कुणी काही करत नव्हतं. पण उठताना प्रत्येकाच्या अंगावर एखादा किस्सा बसलेला असायचाच, आणि झटकला तरी जायचा नाही.

मी चौथी शिकलेली. बारामतीत माझी पिठाची गिरणी. गोष्ट रोलच्या कॅमेऱ्याच्या काळातली, नव्वद सालानंतरची. आपोआप फोकस होणारे कॅमेरे तेव्हा नवीन आले होते. लग्नवाले फोटोग्राफर त्यांच्या मागं लागले आणि हातानं रिंग फिरवायच्या जुन्या लेन्सा त्यांनी अडगळीत टाकल्या. आम्हाला नेमक्या त्याच आवडायच्या. जड, लोखंडासारख्या, फिरवल्या की लोण्यातून सुरी फिरावी तशा फिरणाऱ्या!

आम्ही म्हणजे मी. कऱ्हाटीचे मास्तर, शाळेत चित्रकला शिकवायचे. सलीम, इंदापूरला लेथवर काम करायचा. आणि निरवांगीचे तात्या. तात्यांच्या वडलांनी मेंढरं राखली, तात्यांनी ऊस लावला आणि साठीला टेकल्यावर कॅमेरा गळ्यात घातला. वयानं मोठे, पण तेही मला अक्काच म्हणायचे.

आठवड्यातून एक दिवस लाईट बंद असायची. गिरणी गप्प. त्या दिवशी दाण्याच्या पोत्यांवर बसून आमचं चालायचं. गल्लीतली एक बाई मला म्हणाली, "अक्का, तीन पुरुषमाणसांत बसून दिवसभर करता काय वो?"

म्हटलं, "काचा पुसतो. तुझा चष्माबी आण, पुसून देते. म्हंजे दुसऱ्याच्या घरातलं नीट दिसंल तुला!"



*

पहिली चांगली लेन्स मला भंगारवाल्याकडं दिसली. फुटक्या समया आणि कुकरच्या झाकणांखाली. काचेवर एक ओरखडा नव्हता! पण मी तोंडावर काही दाखवलं नाही.

"हे कसं दिलं?"

"अॅल्युमिनियमच्या भावानं." माणूस सरळ होता. त्यानं ताजव्यात टाकली, परत उचलली आणि हातोडी घेतली. "थांबा अक्का, आतली काच फोडून देतो. काचेचं वजन तुमच्यावर कशाला?"

मी अशी किंचाळले की शेजारचा पंक्चरवाला पंप टाकून पळत आला! भंगारवाल्याचं मनगट मी दोन्ही हातांनी धरलेलं.

"काचेचंच तर घ्यायला आले, बाबा!"

त्यानं लेन्स डोळ्याला लावून पाहिली. "आरपार दिसतंय की. त्यात घ्यायचं काय?"

*

ती लेन्स मी तात्यांना दिली. त्यांच्याकडं कॅमेरा होता, पण त्याच्या लेन्सचा आटा गेलेला. भंगारातल्या लेन्सचा आटा कॅमेऱ्याला बसेना. सलीम म्हणाला, "मधी रिंग पाहिजे. लेथवर काढतो."

पुढच्या लाईटबंदला सलीम एसटीनं इंदापूरहून आला, रुमालात रिंग बांधून. अशी चकचकीत की नथीत घालावी! बसवली. मास्तरांनी डोळा लावला आणि लेन्सपुढं स्वतःचा हात धरला.

"काय दिसतंय?" सलीमनं विचारलं.

"माझ्या हातावरचा तीळ दिसतोय. लई सुंदर दिसतोय."

"आन् समोर अक्का?"

"अक्का म्हंजे नुसता धूर."

रिंग दोरा-दोन दोरे, म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढी, जाड झाली होती. चार बोटांवरचं झकास, त्यापलीकडं सगळं धुकं! मास्तर म्हणाले, "सलीम, ह्यावर मुंग्यांची लग्नं मात्र झकास निघतील."

सलीम तापला. "मग मुंग्यांकडनं सुपारी तुमीच घेऊन या, मास्तर!"

चौथी रिंग बरोबर बसली. पहिल्या तीन सलीमच्या बायकोनं भांड्यांखाली ठेवायला घेतल्या.

*

आता तात्यांचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यापाशीच येतं.

तात्यांनी निरवांगीतलं एक माणूस सोडलं नाही. म्हातारी, पोरं, नवऱ्या, बैल, पंच, सगळ्यांचे फोटो काढले. एकच फोटो नव्हता. बायजावहिनींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा. आणि तात्यांना हवा होता तो तोच. दर वेळी रोल भरताना म्हणायचे, "ह्या रोलात हिचा एक घेतो बघा, अक्का." आणि रोल संपायचा.

कारण तात्यांची पद्धत. लेन्सवर फुटांचे आकडे असतात. तात्या रिंग सातावर लावून ठेवायचे. मग सुतळी काढायचे. सुतळीच्या टोकापासून सात फुटांवर लाल चिंधी बांधलेली. टोक माणसाच्या हनुवटीला लावायचं, चिंधी कॅमेऱ्याला येईपर्यंत मागं सरकायचं आणि बटण दाबायचं. फोटो सुईसारखा! आम्ही तिघं डोळ्यानं फोकस करायचो, तात्या सुतळीनं. आम्हाला ते शिस्तीचं वाटायचं.

वहिनींना नाही वाटायचं. सुतळी हनुवटीकडं आली की झटकून द्यायच्या. "मी काय तुमचा बांध हाय व्हय, मोजणी करायला? सरका!"

एकदा तात्यांचा अख्खा रोल वाया गेला. छत्तीसच्या छत्तीस फोटो पुसट! सरपंच पुसट, सरपंचाची बुलेट पुसट. तात्यांनी लेन्सला शिव्या दिल्या. सलीमनं लेन्स खोलली, पुसली, लावली. काही दोष नाही.

मग मी सुतळी मागितली आणि गिरणीतल्या तीन फुटी गजानं मोजली. टोकापासून चिंधीपर्यंत पाच फूट!

"तात्या, दोन फूट सुतळी कुठं गेली?"

तात्यांनी सुतळीचं टोक चाचपलं. मग कपाळावर हात मारला. "शेळीच्या दावणीला टांगली होती वो!"

दोन फूट शेळीनं खाल्ली होती. मास्तर पोत्यावरून खाली पडले हसताना. पण मला एक कळेना. छत्तीस वेळा कॅमेऱ्याला डोळा लावला ना? मग समोरचा सरपंच पुसट दिसतोय, हे एकदाही दिसलं नाही?

*

मधेच माझा एक सांगते, नाहीतर म्हणाल अक्का दुसऱ्यांचंच काढते.

तालुक्याला फोटोंची स्पर्धा झाली. मी गिरणीच्या दारातली म्हातारी पाठवली, डोक्यावर दळण, मागून ऊन. बक्षीस लागलं! पुण्याचे परीक्षक आले होते, गळ्यात रुमाल वगैरे. स्टेजवर मला विचारतात, "बाई, फोटोत हा जो मऊपणा आलाय, तो कुठल्या फिल्टरनं आणलात?"

मी म्हटलं, "शाळूच्या."

"शाळू? जर्मन मेक का?"

"न्हाय वो, मंगळवेढ्याचा! लेन्सवर पीठ बसलं होतं, पुसायचं राहिलं."

मास्तर खालून इतक्या जोरात टाळ्या वाजवत होते की परीक्षकालाही वाजवाव्या लागल्या.

*

मास्तरांच्या पुतणीचं लग्न होतं कऱ्हाटीला. फोटोला शहरातून एक आपोआपवाला आणलेला. कॅमेरा केवढा, बॅग केवढी! आमच्या लेन्सा बघून म्हणाला, "म्युझियममधून आणल्या का?"

सलीम म्हणाला, "व्हय. तुमचीबी येईल तितं, रांगेत हाय."

मंगलाष्टकं सुरू झाली. मधे अंतरपाट. आपोआपवाला सज्ज. तात्या एका बाजूला उभे. त्यांनी सकाळीच पाटापासून सुतळी लावून पायानं जमिनीवर रेघ मारून ठेवली होती. शेवटचं सावधान झालं, अंतरपाट निघाला, अक्षता उडाल्या, पोरीनं हार उचलला. आणि आपोआपवाल्याचा कॅमेरा गर्र पुढं, गर्र मागं, गर्र पुढं! त्याला कळेचना आता कुठं बघायचं. तोवर हार पडून, पोरगी लाजून, सगळं झालं.

तात्यांचा फोटो आला. हार हवेत, पोरीच्या ओठावर हसू, एक अक्षता नवरदेवाच्या नाकावर!

आपोआपवाल्याचाही एक फोटो एकदम झकास आला होता. अंतरपाटाचा. धागा न् धागा मोजून घ्या!

सगळे तात्यांना खांद्यावर घ्यायचे बाकी होते. पण मी बघितलं होतं ना. तात्यांनी कॅमेरा डोळ्याला लावलाच नव्हता. छातीशी धरला होता, आणि कान मंगलाष्टकांकडं.

*

पुढच्या लाईटबंदला मी तात्यांच्या हातात लेन्स दिली. म्हटलं, "तात्या, रिंगवरचे आकडे वाचा बरं. माझा चष्मा घरी राहिला."

तात्यांनी लेन्स उजेडाला धरली, डोळे बारीक केले आणि घडाघडा म्हणून दाखवले. दीड, दोन, अडीच, साडेतीन, पाच, सात, पंधरा.

"बराबर?"

"बराबर. पण तात्या, ही तुमची लेन्स न्हाय. ही मास्तरांची हाय. हिच्यावर फूट न्हाईत, मीटर हाईत."

तात्या लेन्स कुरवाळत म्हणाले, "उजव्यातलं गेलंय. डाव्यात उजेड हाय, माणूस न्हाय. दीड वर्स झालं."

"मोतीबिंदू!" मास्तर म्हणाले. "ऑपरेशन करतात की आता!"

"करत्यात. आन् बिघडलं तर? आता निदान सुतळीवर चाललंय माझं. सुरी लागली तर तेबी गेलं."

मला असला राग आला म्हणून सांगू! मी त्यांच्या गळ्यातला कॅमेरा काढला, लेन्ससकट पिशवीत बांधला आणि दाण्याच्या कोठीत टाकून कुलूप लावलं.

"डोळा दाखवल्याशिवाय मिळायचा न्हाय. गावातल्या शेळीपासनं सरपंचापतुर सगळे काढून झाले, आन् बायकोचा काढायच्या टायमाला डोळे घालवून बसताय! लाज न्हाय वाटत?"

"ती बसतच न्हाय वो, अक्का!"

"तुमाला तरी कुठं दिसणार हाय, ती बसली तर?"

तेव्हा सलीमनं हळूच पिल्लू सोडलं. "तात्या, आता आतलं खराब भिंग काढून डोळ्यात नवं भिंग बसवत्यात म्हणे."

तात्यांची मान वर आली. "बसवत्यात? कुठल्या मेकचं?"

"ते इचारावं लागंल."

"आटा असतो का नुसतं दाबून बसतं?"

मी मास्तरांना डोळा मारला. गडी लागला गळाला!

*

डॉक्टरकडं आम्ही पाचजण गेलो. तात्या, आम्ही तिघं आणि बायजावहिनी. वहिनींना डोळ्याचं सगळं आदल्या दिवशी मीच जाऊन सांगितलं होतं. ऐकून घेतलं, भाकरी थापत राहिल्या. दवाखान्यातही पदर दातात धरून दारापाशी उभ्या.

डॉक्टर तरुण होता, हसरा. त्यानं डोळा तपासला, भिंग दाखवलं. चिमूटभर! तात्यांना काही ते दिसलं नाही, म्हणून सलीमनं बघून सांगितलं, "तात्या, फिनिशिंग एक नंबर! लेथवर निघायचं न्हाय हे."

"फोकस कसा करायचा ह्याचा?" तात्यांनी विचारलं.

डॉक्टर म्हणाला, "आजोबा, हे फिरत नाही. एकदा बसवलं की एकाच अंतराचं स्पष्ट दिसतं. आम्ही बहुतेकांना लांबचं बसवतो. मग जवळचं बघायला चष्मा."

"लांबचं म्हंजे किती?"

"म्हणजे रस्ता, शेत, डोंगर..."

"शेत कशाला? ऊस मी वासावर वळखतो." तात्या खुर्चीत पुढं सरकले. "डॉक्टर, सात फुटावर लावा."

"सातच का?"

नेहरूशर्टाच्या खिशातून तात्यांनी सुतळी काढली. नवी होती, लाल चिंधी बांधलेली. डॉक्टर आमच्याकडं बघायला लागला. मास्तर छताकडं, सलीम जमिनीकडं.

वहिनी दारातून पुढं आल्या. तात्यांच्या हातातून सुतळी घेतली. चिंधी तात्यांच्या हातात ठेवून त्यावर त्यांची बोटं मिटली आणि दुसरं टोक घेऊन मागं मागं चालत गेल्या. टेबल ओलांडलं, वजनकाटा ओलांडला. सुतळी ताठ झाली तशा थांबल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला, टोक हनुवटीला लावलं आणि सरळ उभ्या राहिल्या.

म्हणाल्या, "डॉक्टर, हितवर दिसलं की बास. त्याच्या पुढचं मी सांगंन त्यास्नी."