पुस्तकात ती घरी येत नाही

माझ्या लाडक्या पुस्तकावर काढलेल्या त्या पिक्चरचं नाव जरी कुणी काढलं तरी अजून माझं डोकं फिरतं. पुढं एका मैत्रिणीकडं मी तो सीडीवर पाहिला, हिंदीत डब केलेला. पुस्तकातली पोरगी तेरा वर्षांची, दात पुढं आलेले, कायम नाक ओढणारी. पिक्चरमध्ये चांगली अठराची घोडी, आणि डोंगराच्या पोटातल्या राज्यात उतरतानाही तिची एक बट हलत नाही. पुस्तकात राजपुत्र औषधालासुद्धा नव्हता. ह्यांनी एक आणून उभा केला, घोड्यासकट. मैत्रीण म्हणाली, घोडा तरी बरा आहे. हे सगळं मी पोटात घातलं असतं. पण मेल्यांनी शेवट बदलला.

पुस्तकात त्या राज्यात अडकलेल्या भावाला सोडवायचं तर डोंगराखालचा दरवाजा कुणीतरी जन्मभर धरून ठेवायला हवा असतो. ती पोरगी तो धरते. भाऊ घरी जातो, ती जात नाही. आई रोज तिचंही ताट वाढते आणि झाकून ठेवते, तिथंच पुस्तक संपतं. शाळेच्या कपाटातून आणून मी ते इतक्यांदा वाचलं होतं की आमच्या बाईंनी ते परत मागायचंच सोडून दिलं.

तेव्हा मी दहावीला होते. आम्ही भांडगावचे. आप्पा, म्हणजे माझे वडील, साखर कारखान्यावर कामाला. मला दहावीनंतर शिरूरला होस्टेलवर राहून शिकायचं होतं, आणि आप्पांच्या मते मी पुस्तक घेऊन बसायचे ते भांडी चुकवायला. अशात शिरूरला एक स्पर्धा निघाली. वाचलेलं पुस्तक स्टेजवर उभं राहून सांगायचं. मी आप्पांना म्हणाले, नंबर आला तर मला होस्टेलला पाठवा. ते हो म्हणाले नाहीत. पण मला घेऊन जाणाऱ्या बाई आजारी पडल्या तेव्हा ऐन हंगामात रजा टाकून स्वतः माझ्याबरोबर आले. हे निम्मं हो झालं, असं मी धरून चालले.

बोलले मी झकास. शेवट सांगितला तेव्हा हॉल चिडीचूप होता. मग परीक्षक उठले. रिटायर्ड प्राध्यापक, गळ्यात मफलर, माईक हातात आला की सोडवत नाही अशातले.

"बाळ, तू हे पुस्तक वाचलेलंच नाहीस," ते म्हणाले. "शेवटी ती मुलगी घरी येते. मी पुण्यात सिनेमा पाहिलाय."

अख्खा हॉल हसला. मी पिशवीतून पुस्तक काढलं, शेवटचं पान उघडून त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी ते हातानं बाजूला सारलं आणि पुढचं नाव पुकारलं. स्वतः पुस्तक उघडून बघायचं नाही, पुस्तकाचे मार्क मात्र द्यायचे, आणि वर खोटी कोण, तर मी. आप्पांकडं पाहिलं तर ते मान खाली घालून बसलेले.

नंबर आला नाही. एसटीत बसल्यावर आप्पा म्हणाले, एवढे शिकलेले सर खोटं कशाला बोलतील? हे मला सरांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. मी पुस्तक त्यांच्या मांडीवर आदळलं आणि खिडकीकडं तोंड केलं. आप्पा चौथी शिकलेले. ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत, ते शेवटची दोन पानं वाचत राहिले. न्हावरा मागं पडलं तरी त्यांचं चाललेलंच होतं.

चौफुल्याला उतरल्यावर ते म्हणाले, "तुझं खरं हाय. न्हाई येत ती घरी."

मला वाटलं, जिंकलं. आता होस्टेलचं विचारून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं, तोच त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं.

"पर पिक्चरचंच बरं हाय," ते म्हणाले. "पोरगी घरी तरी आली."

होस्टेलचं मी विचारलंच नाही. भांडगावची गाडी येईपर्यंत आम्ही दोघं एकमेकांकडं पाठ करून उभे होतो. जूनमध्ये मी मामांना गाठलं, पालकाची सही त्यांच्याकडून घेतली आणि शिरूरला गेले. त्या दिवाळीला मी घरी गेले नाही.