पाच बाइटांचा सारांश

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नाहीतर चहाचा ठसका लागेल. कारण आता जे सांगणार आहे, त्यात मूर्ख माणूस एकच आहे आणि तो तुमच्यासमोर बसलाय!

आमच्या ह्यांना एक विचित्र छंद होता. कुरकुंभला एका केमिकल कंपनीत टेक्निशियन. शिफ्ट संपवून दौंडला घरी यायचं, अंघोळ करायची आणि जुन्या कम्प्युटरसमोर बसून प्रोग्राम लिहायचे. कसले? तर २५६ बाइटांत मावणारी हलती चित्रं! एक बाइट म्हणजे साधारण एक इंग्रजी अक्षर. तुमच्या मोबाइलवर येणारा 'सुप्रभात'चा एक फोटो लाखभर बाइट खातो. आणि ह्यांना अख्खं उसाचं शेत, खुटबावच्या रस्त्याला एसटीच्या खिडकीतून पळताना दिसतं तसं, वाऱ्यासकट, पोस्टकार्डाएवढ्या जागेत बसवायचं होतं. जगभर अशी माणसं आहेत म्हणे. 'डेमोसीन' म्हणतात त्याला. मी खूळ म्हणायचे.

गेल्या वर्षी हे गेले. शेत राहिलं. २६१ बाइटांवर.

यंदा शिरूरला ह्याच छंदाच्या मंडळींनी स्पर्धा ठेवली. ह्यांच्या कंपनीतले दोस्त, मिलिंद भाऊजी, सांगायला आले.

"वैनी, दादाचं शेत लावायचं का? पर २५६च्या वर एक बाइट चालत न्हाई. रविवारी संध्याकाळपातुर पाठवायचं."

"म्हणजे पाचच कमी करायचे ना? भाऊजी, मी चोवीस वर्षं शाळेत मराठी शिकवतेय, सारांशलेखनासकट. एक तृतीयांश करून देते!"

बघा आत्मविश्वास!

फाइल उघडली. अर्ध्या भागात अगम्य अक्षरं आणि आकडे. तिथे आपलं काय काम? पण प्रत्येक ओळीच्या पुढे, अर्धविराम देऊन, ह्यांनी इंग्रजी अक्षरांत चक्क मराठी लिहिलं होतं. 'इथे ऊस उगवतो.' 'इथून वारा शिरतो, जपून.' मला काय आनंद झाला! म्हटलं, हे आपल्या प्रांतातलं.

आधी पाल्हाळ काढायचा, हा आमचा नियम. शेवटी सात ओळींचा एक मजकूर होता. न वाचताच उडवला. मग ह्यांनी करून ठेवलेल्या चिन्हावर दोनदा टिचकी मारली. तिथे प्रोग्रामचं वजन, म्हणजे किती बाइट झाले ते, दिसायचं.

२६१.

बरं. 'इथून वारा शिरतो, जपून'चं 'वारा' केलं. २६१. 'वारा' काढला. २६१! कम्प्युटर बंद करून चालू केला. फाइलचं नाव 'शेत'वरून 'शे' केलं. २६१! तीन दिवस, शाळेतून आले की हेच. शेवटी अर्धविरामांच्या पुढे एक अक्षर उरलं नाही, आणि आकडा जागचा हलला नाही. स्टाफरूममध्ये मात्र मी जाहीर करून बसलेले, "शिरूरला आमचं शेत आहे!" दोघींनी तर विचारलंही, "किती एकर?"

रविवारी दुपारी भाऊजींना फोन केला. "अहो, यंत्र बिघडलंय."

ते आले, पडद्याकडे बघितलं, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"वैनी, ह्ये काय केलं?"

"सारांश."

"आवो, अर्धविरामाच्या म्होरलं मशीन वाचतच न्हाई! ते माणसांसाठी आसतं. त्येचं वजन शून्य."

"शून्य?"

"ट्रकातला माल तसाच ठिवलाय आन् मागचं 'हॉर्न ओके प्लीज' पुसत बसलाय तुम्ही! तीन दिवस!"

आणि हसले. मीही हसले. काय करणार?

मूळ प्रत ह्यांच्या पेन ड्राइव्हवर सुखरूप होती. भाऊजींनी ती उघडली.

"हितं शेवटी सात ओळी हायेत. वाचल्या व्हत्या का?"

"लांबलचक होत्या हो."

"ऐका मग." आणि त्यांनी मोठ्याने वाचलं, "'एस्केपचं बटण दाबलं की थांबायचं, या सोयीला सात बाइट लागतात. ती काढून नुसतं परत वर जायला सांगितलं, तर दोन. पाच वाचतील. पण मग शेत थांबणारच नाही, मशीन बंद करावं लागेल. मन होत नाही. हिला विचारायचं.'"

भाऊजी उगाच खिडकीबाहेर बघत राहिले. हे बोलायला लागले की मी "थोडक्यात सांगा" म्हणायचे. म्हणून विचारायचं राहिलं असेल.

"वैनी, काय करू?"

"काढा ती सोय," मी म्हटलं. "थांबायचं कशाला?"

भाऊजींनी मूळ प्रतीतून ती काढली, आणि गंमत म्हणून माझ्या प्रतीतूनही. दोन्हीकडे २५६!

भाऊजींनी फॉर्मवर ह्यांचं आणि माझं, दोघांची नावं लावली, प्रोग्राम चढवला. सोबत मूळ लिखाण, म्हणजे अर्धविरामांसकटची ती फाइल, पाठवायची रीत असते. ते मी पाठवलं.

शिरूरच्या हॉलमध्ये शंभरेक माणसं. प्रत्येकाला दोन मिनिटं. आमचं शेत पडद्यावर आलं आणि ऊस पळायला लागला. सरीमागून सरी, वाऱ्याची लाट या टोकापासून त्या टोकापर्यंत! दोन मिनिटं झाली. सूत्रसंचालकाने एस्केप दाबलं. ऊस चालूच. पुन्हा दाबलं. चालूच! हॉल हसायला लागला.

मागून हॉलचे रखवालदार आप्पा ओरडले, "आरं, राहू दे की! शेत संपूस्तर बघू."

"आप्पा, त्ये संपत न्हाई!" भाऊजी उठून ओरडले. "अडीचशे बाइटांत न संपणारा ऊस हाय त्यो!"

शिट्ट्या, टाळ्या! शेवटी यंत्राचं बटणच बंद करावं लागलं. हात वर करून मतं घेतली, तेव्हा मोजायची गरजच पडली नाही. पहिला नंबर! ह्यांचं नाव माइकवरून पुकारलं, मी ताठ चालत गेले आणि ट्रॉफी घेतली. डोळे कोरडे ठेवले. जमलं ते.

मग परीक्षक साहेब बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, काम अप्रतिम. पण तुम्ही पाठवलेलं लिखाण बघितलं. अर्धविराम ओळीने आहेत, पुढे एक शब्द नाही! दुसऱ्याने समजून कसं घ्यायचं?"

दोन फाइली होत्या, घाईत मी माझीच पाठवली होती. वजन दोन्हींचं सारखंच, मला काय कळणार!

"लिहायचा एवढा कंटाळा बरा नाही," ते समजुतीने म्हणाले. "जरा मराठीच्या एखाद्या शिक्षकांना विचारत चला."

आणि मी ट्रॉफी छातीशी धरून, मान खाली घालून म्हणाले, "हो सर. ओळखीत आहेत एक बाई. पण त्यांचंही कच्चंच आहे."