बिचारी म्हणायचं नाही

आमच्या बाईंच्या तासाला एक शब्द बंद होता. बिचारी. धड्यातल्या मुलीबद्दल कोणी उत्तरात ‘बिचारी’ म्हटलं की बाई त्याला खाली बसवत. “ती बिचारी न्हाई. लिहिणाऱ्याला तिचं दुसरं काही सुचलं न्हाई.”

परतूरच्या आमच्या शाळेत त्या मराठी शिकवत. सुरुवात शुद्ध भाषेत करायच्या आणि राग आला की गावच्या बोलीवर यायच्या. कादंबऱ्यांचा विषय निघाला की बहुधा बोलीच ऐकायला मिळे. वाचनालयातलं प्रत्येक नवं पुस्तक त्या नाक मुरडत वाचत आणि दुसऱ्या दिवशी निकाल देत. “अर्धं पुस्तक झालं, पोरीनं एक घास खाल्ला न्हाई. नुसती रडून राह्यली. इतकं रडायला तरी अंगात ताकद पाहिजे का न्हाई?” मुलगी गरीब असली की सुंदर असणार, शिकलेली असली की उद्धट, आणि शेवट जवळ आला की तिला उडी टाकायला गावात एक विहीर निघणारच, असं त्यांचं म्हणणं. बी.ए.ला मी ते तपासून पाहिलं. विहिरी निघाल्या.

एकदा वाचनालयात शहरातून एक कथालेखक आले. शाळा सुटलेल्या खेड्यातल्या मुलीची कथा त्यांनी रंगवून वाचली. ऐकणारे पुरुष डोळे पुसत होते. त्यांतल्या कित्येकांनी आपल्याच मुली शाळेतून काढल्या होत्या. बाई उठल्या. “शाळा सुटली म्हणता. मंग तिला विषय कोणता आवडत होता?” लेखक म्हणाले, कथेच्या दृष्टीने ते गौण आहे. बाई ‘बराबर’ म्हणाल्या आणि चपला घालून चालत्या झाल्या.

मी दहावीत असताना मला टेंभुर्णीचं स्थळ आलं. परीक्षेआधीच लग्न उरकायचं ठरत होतं. बाईंना कळलं तशा त्या संध्याकाळीच घरी आल्या, त्या भांडणाच्या तयारीनेच. चहा नाकारून त्यांनी भाऊंना, म्हणजे माझ्या वडिलांना, तोच प्रश्न टाकला. भाऊंना सहीपलीकडे काही लिहिता येत नव्हतं.

“भूगोल,” ते म्हणाले. “जेवताना मला नद्या सांगत बसती. मला एक बी ध्यानात ऱ्हात न्हाई, बाई, पण ऐकायला बरं वाटतं.”

आपलंच बोलणं त्यांच्या कानावर पडलं. मग पाहुण्यांना नकार कसा कळवावा, हे बाईंनाच विचारू लागले. बाईंनी चहा घेतला, दोनदा घेतला. निघताना मला म्हणाल्या, “तुझा बाप बी त्या लिहिणाऱ्यांच्या पुस्तकात बसत न्हाई.”

आमच्या घरात मी पहिली पदवीधर. ती त्या संध्याकाळमुळे. कॉलेजसाठी औरंगाबादला निघाले तेव्हा भाऊंनी ट्रंक रेल्वेच्या डब्यात चढवली. बाई खिडकीशी उभ्या होत्या.

“तिकडं कोणी विचारलं, गावाकडची पोरगी कशी असती, तर रडून दाखवू नको. म्हणायचं, बसा. वेळ लागंल.”

बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. विचारणारे मला पुष्कळ भेटले, त्यांत लिहिणारेही होते. मी प्रत्येकाला बसवलं. लग्न ठरत होतं, इथपर्यंत ते भराभर टिपून घेतात. पुढचं, भाऊंच्या नद्यांचं, सांगताना मला हसू येऊ लागलं, की त्यांना गाडी गाठायची असते.