लवू परबांनी भाताचा श्वास मोजला

कांदिवलीच्या लवू परबांना रिटायर होऊन जेमतेम वर्ष झालं होतं, आणि तेवढ्यात त्यांनी घरात असा काही धुमाकूळ घातला होता की विचारू नका. विक्रोळीच्या कारखान्यात जन्मभर फिटर म्हणून राबलेला माणूस, हात स्वस्थ बसतील तर शपथ! चालता पंखा खोलला, चांगला मिक्सर ‘सुधारला’, आणि एके दिवशी वनमालाबाईंच्या मसाल्याच्या डब्यांची जागा बदलली. बाईंनी हातच जोडले. "ओ, खंय तरी कामाक लागा, नायतर मी गावाक जातंय!"

काम मिळालं गोरेगावात, एका कॉलेजमागच्या भातशेतात. श्रुतिका नावाची संशोधन करणारी मुलगी तिथे शेत हवेतला कार्बन डायऑक्साइड किती घेतं आणि किती सोडतं ते मोजत होती. भाताच्या रोपांवर मोठा पारदर्शक डबा उपडा घालायचा, आतली हवा नळीतून यंत्रात न्यायची, की पडद्यावर आकडा दिसतो. उन्हात रोप कार्बन खातं, म्हणून आकडा उतरतो. डबा, नळ्या, पंप सांभाळायला तिला माणूस हवा होता.

"म्हणजे रोप जेवत असताना आपण त्याच्या ताटात डोकवायचं!" लवूकाका म्हणाले, आणि त्या दिवसापासून गडी येडाच झाला. भाजीवाला म्हणू नका, न्हावी म्हणू नका, सगळ्यांना धरून धरून भात कसा श्वास घेतं ते सांगायचे. न्हाव्याने तर अर्धी दाढी झाल्यावर हात टेकले.

पण सप्टेंबरात बातमी आली. पैसा देणाऱ्या ऑफिसातल्या मालन शिंगाडे मॅडम पाहणीला येणार. काम पटलं तर हिवाळ्यात त्याच शेतात गहू पेरून पुढचं मोजमाप. नाही पटलं तर डबा, पंप, सगळं गुंडाळायचं, आणि लवूकाका परत घरी.

आता कोकणातला माणूस एवढ्या मोठ्या कामाआधी देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय राहील? वनमालाबाई सकाळीच नारळ, अगरबत्ती आणि चाळीतली आठ-दहा माणसं घेऊन हजर! लवूकाका बांधावर उभे राहून खणखणीत आवाजात म्हणाले, "बा देवा महाराजा! ह्या शेताक, ह्या डब्याक, ह्या श्रुतिकाबायच्या कामाक यश दी रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळे ओरडले.

"आणि ह्या माणसाक परत घरात बसवू नको रे महाराजा!" वनमालाबाईंनी मध्येच घुसवलं. त्यावरचं "व्हय महाराजा" सगळ्यात मोठं होतं.

तेवढ्यात शिंगाडे मॅडम आल्या. घाईघाईने माणसं लांब पिटाळली, डबा रोपांवर बसवला, पंप सुरू केला. ऊन झकास पडलेलं. सगळे पडद्याकडे बघतात तर काय, आकडा वर! आणखी वर! श्रुतिकाचा चेहरा पांढराफटक.

"काय हो, तुमचं भात कार्बन खातंय की ओकतंय?" शिंगाडे मॅडमनी विचारलं.

वाट लागली! लवूकाकांनी पंप बघितला, नळ्या चाचपल्या, सगळं ठीक. मग चिखलात गुडघे टेकून डब्याला नाक लावलं. आत, दाट रोपांच्या बुंध्याशी, अगरबत्तीचा अख्खा जुडगा ऐटीत धुमसत होता.

"वनमाला!!"

"गाऱ्हाणा ज्या रोपांसाठी, तेंच्याच मुळाशी लावली. चुकला काय?" बाई तिकडून म्हणाल्या.

"मॅडम, भात निर्दोष आहे! अगरबत्ती आमची!" लवूकाका दोन्ही हात वर करून ओरडले.

शिंगाडे मॅडम अशा काही हसायला लागल्या की त्यांना बांधावर बसावं लागलं. अगरबत्ती उपटली, डब्यातली हवा बदलली, डबा पुन्हा बसवला. श्रुतिकाने बजावलं, "कुणी जवळ यायचं नाही. बोलायचं नाही. तुमच्या श्वासातल्या कार्बननेही आकडा चढतो." मालवणी माणसांना गप्प बसायला सांगणं म्हणजे केवढी शिक्षा! पण बसली बिचारी.

आकडा थबकला. मग उतरला. उतरतच राहिला.

शिंगाडे मॅडम पुढे झुकल्या. "आमच्या वाशिमकडे घरचा गहू आहे," त्या हळूच म्हणाल्या. "लहानपणापासून बघतेय, पण तो हवेतून काय घेतो ते कधी मनातही आलं नाही. पेरा इथे. नोव्हेंबरात मी स्वतः येते."

लवूकाकांच्या छातीत आनंद मावेना. ओरडावंसं वाटलं, पण डबा अजून रोपांवर होता, मोजणी चालू होती. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं, वारा कुठून येतोय ते पाहिलं, आणि तो जिकडे चालला होता तिकडे, शेताच्या पार टोकाला, धोतराचा नसलेला काष्टा सावरल्यासारखे पळत सुटले. तिथे पोचल्यावर कोंडलेला श्वास सोडून ते ओरडले, "गहूऽऽऽ!" आणि चिखलातच नाचायला लागले. वनमालाबाई डोळ्यांना पदर लावून हसत होत्या.

नाचून झाल्यावर ते धापा टाकत परत आले, पण डब्यापासून चांगले लांबच थांबले.

"श्रुतिका," त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "माझ्यामुळे आकडा हलला नाय ना गो?"

"नाही हलला, काका."

तेव्हा कुठे लवू परब बांधावर बसले आणि लहान मुलासारखे रडले.